ओझं सगळ्यांना सारखं

६ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोन असताना भाची पत्र का लिहिते, असं तू मामीला विचारशील, म्हणून आधीच सांगते. फोनवर तू नुसता हुंकार देतोस आणि त्या हुंकाराचा अर्थ हो की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. कागदावर तरी पुरं वाक्य लिहावं लागेल.

बातमी अशी. तुझ्या जुन्या तुकडीची निवड चाचणी यंदापासून बायकांनाही खुली झाली आहे. परवा सूचनाफलकावर कागद लागला आणि काल मी अर्ज दिला. गेली चार वर्षं मी फौजेत नद्यांवर लोखंडी पूल टाकते आहे. काम आवडतं. हाताखालचे चाळीस जण आता माझ्या उंचीवरून विनोद करायचेही थांबले आहेत. पण तू सुट्टीवर आलास की पायरीवर बसून बुटांना मेण लावायचास आणि मी शेजारी डबी धरून बसायचे, तेव्हापासून मनात एकच जागा आहे. डोंगर ओलांडून शत्रूच्या पाठीमागे उतरणारी, दीडशे आले तर पंधराही न ठेवणारी ती तुकडी. तिथे तू अकरा वर्षं उस्ताद होतास, माणसं तयार करायचास आणि बरीचशी घरी पाठवायचास. तेव्हा विचारायचं तर तुलाच.

आईला सांगितलं. ती परीक्षेचे पेपर तपासत होती. तिने लाल पेनाचं टोपण लावलं, चष्मा काढला आणि म्हणाली की मामा हो म्हणाला तर जा, नाही म्हणाला तर हा विषय या घरात पुन्हा काढू नकोस. मी सत्तावीस वर्षांची आहे, मला कुणाची परवानगी लागत नाही. तरी आईचा शब्द ओलांडून उंबरठ्याबाहेर पाय पडत नाही, हे तुला कळेल, कारण ती आधी तुझी थोरली बहीण आहे.

तेव्हा मामा, लवकर लिही. मामीला नमस्कार. तिने विणलेले मोजे अजून टिकून आहेत.

माया आहेच, ती उत्तरातून दिसावी.

तुझी,
मुंगी


१४ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तलावावर मिळालं. उस्ताद म्हणून निवृत्त झालो आणि आता नगरपालिकेच्या तलावात पोरांना पाय मारायला शिकवतो, त्यामुळे कागदाला थोडा क्लोरीनचा वास येईल.

आडवळणाने लिहिणं मला जमत नाही. नोव्हेंबरात मुख्यालयाने आम्हा जुन्या उस्तादांना एक कागद पाठवला होता. बायकांना या तुकडीत घ्यावं का, मत कळवा. मी कळवलं, घेऊ नये. खाली सही केली. तू अर्ज करशील हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तेच लिहिलं असतं.

बायका भित्र्या असतात म्हणून नव्हे. तुझ्या मामीला घाबरलेली मी कधी पाहिली नाही, घाबरायची पाळी नेहमी माझ्यावर आली. कारण वेगळं आहे. माझा पाय मोडला ती हकिगत घरात कुणाला मी नीट सांगितलेली नाही. कड्याखाली पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. आमच्यातल्या लंबूने मला खांद्यावर टाकलं, सकाळी निघाला आणि संध्याकाळी चौकीवर पोचला. मी वाचलो. त्याची कंबर मात्र पुन्हा सरळ झाली नाही, आज तो काठी टेकत चालतो. आमच्याकडे माणूस तोलायचा प्रश्न एकच. शेजारचा पडला तर त्याला खाली आणशील का? पाच फूट दोन इंचांची, छप्पन्न किलोंची मुलगी माझ्यासारख्याला कशी आणेल, याचं उत्तर मला सापडलं नाही.

आणखी एक कारण आहे, ते मी मुख्यालयाला लिहिलं नाही. तुझ्यासारखी एखादी समोर पडली तर माझ्यासारखे पुढे जाणार नाहीत. तिथेच बसून राहतील आणि कामगिरी बुडेल.

आता ऐक. ताईला मी आजच वेगळं पत्र टाकलं आहे. माझं मत नाही असं आहे, पण अडवू नकोस, पोरीला त्या डोंगरालाच विचारू दे, असं लिहिलं. आणि जायचंच असेल तर तयारी मी करून घेईन. अर्धवट तयारीने मी आजवर कुणाला चाचणीला उभं केलेलं नाही, सख्ख्या भाचीला तर मुळीच करणार नाही. माझं मत एकीकडे आणि माझं काम एकीकडे. सकाळी किती वजन घेऊन किती चालतेस, ते आकड्यांत कळव. फुशारकी नको.

मामी आशीर्वाद सांगते. मोजे धुताना पिळू नकोस, असंही सांगते.

लोभ कमी झालेला नाही, उलट काळजी वाढली आहे.

तुझा,
मामा


२३ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रुसले होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तू इतका लांब असताना रुसण्यात काही मजा नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या पहिल्या कारणावर माझ्याकडे उत्तर नाही. ते डोंगरावरच द्यावं लागेल. पण एक विचारते. दीडशे पुरुष येतात आणि त्यांतले एकशे पस्तीस परत जातात. त्यांच्यामुळे पुरुषांना या तुकडीत घ्यावं का, असा कागद आजवर कुणी फिरवला नाही. जो उतरला तो घरी गेला, एवढंच. मलाही तसंच घरी पाठवा, माझी तक्रार नाही. पण आधी येऊ तर द्या.

दुसऱ्या कारणाचा मात्र मला राग आला. मी पडले तर तुझं काळीज हलेल, हे खरं. पण हलणारं काळीज तुझं, मामा. त्याचं ओझं माझ्या पाठीवर कशाला? लंबूकाका तुझ्याजवळ रडत बसले नाहीत, त्यांनी तुला उचललं. पुरुषांना हे शिकवता येतं, तूच शिकवलंस. मग अजून थोडं शिकवता येईल.

आता आकडे, फुशारकीशिवाय. अठरा किलो, बारा किलोमीटर, दोन तास चाळीस मिनिटं. वसाहतीमागच्या टेकडीवर. उजव्या टाचेला फोड. चाचणीतलं मोठं अंतर चाळीस किलोमीटर आहे, पाठीवर पंचवीस किलो आणि वेळ आठ तास. म्हणजे आज मी कुठे आहे, हे मलाही दिसतं. आमच्या तळावरची एक डॉक्टरीणही अर्ज करून बसली आहे. आम्ही दोघी पहाटे निघतो तेव्हा पहारेकरी आमच्याकडे अशा नजरेने बघतो, जणू आम्ही घर सोडून पळून चाललो आहोत.

आईने तुझं पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून टाचांचं मलम घेऊन आली आणि टेबलावर आपटलं. तो होकारच, असं मी धरते.

उत्तराची वाट पाहते. राग गेला आहे, माया होती तिथेच आहे.

तुझी,
मुंगी


९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

आकडे वाईट नाहीत. चांगलेही नाहीत.

पाठपिशवीत जड वस्तू वर आणि पाठीला चिकटून ठेव. तळाशी ठेवलीस तर ती तुला मागे ओढते आणि दिवसभर तू तिच्याशी भांडत बसतेस. कमरेचा पट्टा आवळ, वजन खांद्यांनी नाही, कुल्ल्यांनी उचलायचं असतं. आणि उंच माणसांच्या टांगेला टांग देऊ नकोस. त्यांच्या दोन पावलांत तुझी तीन होऊ देत, पण चढावर, उतारावर, चिखलात तीनच. उंच लोक चढावर दमतात, कारण तेवढं मोठं धूड वर न्यायचं असतं. तिथे तू त्यांना गाठशील. सपाटीवर ते तुला गाठतील. म्हणून सपाटीवर पळ.

इथे एक घडलं ते सांगतो. आमच्या तलावावर एक जीवरक्षक बाई आहे. सगळे तिला शिट्टीवाली म्हणतात. तुझ्याएवढीच असेल. गेल्या आठवड्यात आमचा भुसारी दुकानदार, वजन शंभराच्या पुढे, खोल पाण्यात पेटका येऊन बुडायला लागला. मी धावेपर्यंत शिट्टीवाली आत होती. तिने त्याला काठाशी आणलं, आणि मग वर ओढण्याच्या भानगडीत न पडता एका हाताने त्याचे हात काठावर दाबून धरत स्वतः वर चढली आणि त्याला पाण्यातच दोनदा खाली दाबून तिसऱ्या उसळीला वर घेतलं. माणूस बुचासारखा बाहेर आला. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली की कुणी नाही, ताकद कमी असली की डोकं आपोआप चालतं.

यावरून माझं मत बदललं असं समजू नकोस. पाणी अर्धं वजन स्वतः उचलतं, डोंगर उचलत नाही. पण रात्री जेवताना मी हे मामीला दोनदा सांगितलं, असं ती म्हणते.

फोड नुसता सुईने टोचून सोडू नकोस, त्यात दोरा ओवून ठेव. दर रविवारी दोन किलो वाढव. आकडे कळवत राहा. तुझ्या चालण्यावर इथून लक्ष आहे.

आशीर्वाद आहेतच, घाम मात्र तुझा तुलाच गाळायचा आहे.

तुझा,
मामा


११ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी परत आले आहे. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुला लिहिते.

आम्ही एकशे अडतीस होतो, त्यांत नऊ बायका. पहिल्या आठवड्यात थंड पाणी आणि दोर, त्यात साठ गेले. डॉक्टरिणीचा गुडघा सुजला आणि ती लंगडत परतीच्या बसमध्ये चढली. विसाव्या दिवशी चाळीस किलोमीटर. तोवर बायकांत मी एकटीच उरले होते. तू सांगितलंस तसं चढावर माणसं गाठली, सपाटीवर पळाले. तिसाव्या किलोमीटरला पायाचं नख गेलं, ते बुटात जाणवत होतं. शेवटचा फाटा ओलांडला तेव्हा घड्याळात आठ तास सहा मिनिटं झाली होती.

सहा मिनिटं, मामा. बुटाची नाडी बांधायला मी तीनदा बसले होते.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर मुख्यालयाचा ताजा कागद होता. बायकांना वेळेत दहा टक्के सूट. त्या हिशेबाने मी बेचाळीस मिनिटं आधीच पोचले होते. साहेब भले आहेत, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले की नियमात बसतं, सही करा आणि उद्या पुढच्या टप्प्याला उभ्या राहा. मी खिडकीतून पाहिलं. आठ तासांवर चार मिनिटं उशिरा आलेला एक मुलगा वळकटी बांधत होता. त्याला कुणी चहा विचारला नव्हता. मी साहेबांना म्हटलं की मी आठ तासांच्या चाचणीला नाव दिलं होतं. तो आत येत नसेल तर मीही येत नाही. पुढची चाचणी ऑक्टोबरात आहे, तिला येईन. त्यांनी तो कागद घडी घालून खणात टाकला. मग म्हणाले की चहा तरी पिऊन जा.

बसमध्ये त्या मुलाच्या शेजारीच जागा मिळाली. त्याला काही सांगितलं नाही. पण खरं सांगते, पहिल्या वळणावर तळ दिसेनासा झाला तेव्हा वाटलं, मूर्खपणा केला. अजूनही अधूनमधून वाटतं. तुला काय वाटलं ते लिही. तुझं मत खरं ठरलं, असं लिहिलंस तरी चालेल.

आशीर्वाद ठेव, आता त्यांची गरज जास्त आहे.

तुझी,
मुंगी


१७ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. नंतर तलावावर गेलो आणि एका पोराला उगाचच ओरडलो. नंतर त्याला बिस्किटांचा पुडा दिला.

माझं मत खरं ठरलं नाही. तुझी सहा मिनिटं कमी पडली, ती दर वर्षी पन्नास जणांची कमी पडतात. माझी स्वतःचीही पहिल्या खेपेला कमी पडली होती. हे मी कुणाला सांगत नाही, कारण उस्तादाने सांगायचं नसतं. तू मात्र उस्तादाला पत्र लिहीत नाहीस, मामाला लिहितेस. मी पहिल्या वर्षी अकरा मिनिटं उशिरा पोचलो होतो. त्या दिवशी मला कुणी सूट देऊ केली असती तर मी ती घेतली असती. दोन्ही हातांनी घेतली असती आणि साहेबांच्या टेबलावरची बिस्किटंही खाल्ली असती. हे प्रामाणिकपणे सांगतो.

तेव्हा मूर्खपणा केलास असं मला वाटत नाही. मी अकरा वर्षांत दीड हजारांवर माणसं पाहिली. हातात आलेलं असं खाली ठेवणारा एकही आठवत नाही. ताईला फोन केला. ती म्हणाली की लहानपणी गणितात एक गुण चुकून जास्त मिळाला तेव्हाही ही मास्तरांकडे परत द्यायला गेली होती, आणि वर्गातल्या मुलींनी आठवडाभर अबोला धरला होता. म्हणजे रोग जुना आहे.

आता काम. नाडीची गाठ बदलायची. चित्र काढून सोबत पाठवतो, ही गाठ ओल्या बुटातही सुटत नाही. तीनदा बसलीस म्हणजे प्रत्येक वेळी दोन मिनिटं, हिशेब तूच कर. मेपासून अठ्ठावीस किलो घेऊन चाल, म्हणजे ऑक्टोबरात पंचवीस हलके लागतील. जूनच्या सुट्टीत इकडे ये. तलाव रिकामा असतो तेव्हा तुला पाण्यात चालवतो, गुडघ्यांना विश्रांती आणि मांड्यांना शिक्षा.

मामी म्हणते की नवे मोजे सुरू केले आहेत. या वेळी टाच दुहेरी विणणार.

मामाची माया आणि उस्तादाचा धाक, दोन्ही जपून वापर.

तुझा,
मामा


३ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हात अजून नीट मिटत नाहीत, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं आहे. समजून घे.

चाळीस किलोमीटर सात तास एक्कावन्न मिनिटांत झाले. नाडीला एकदाही बसले नाही. या खेपेला आम्ही बायका पाच होतो, त्या दिवसानंतर पुन्हा मी एकटी. पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

शेवटचा टप्पा तीन दिवसांचा, चौघांच्या गटात, डोंगरावर. आमच्या गटात एक कपाट होतं. म्हणजे माणूसच, पण शहाण्णव किलोंचा आणि दारातून आडवा जाणारा, म्हणून सगळे त्याला कपाट म्हणतात. स्वभावाने गरीब. तिसऱ्या दिवशी गटाने दोन जोड्यांत वेगवेगळ्या वाटांनी उतरायचं होतं. कपाट आणि मी एका घळीतून निघालो. सकाळी दहाच्या सुमाराला त्याच्या पायाखालचा दगड निसटला आणि घोटा मोडला. चाचणीतलं सोंग नव्हे, खरा मोडला. आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. घळीत बिनतारी यंत्र चालेना, धुकं इतकं की खूण करूनही कुणाला दिसली नसती. वरून बर्फाळ पाऊस सुरू झाला आणि तासाभरात कपाटाला अशी हुडहुडी भरली की दातांवर दात आपटत होते. थांबून मदतीची वाट पाहणं म्हणजे त्याला तिथेच ठेवणं. तो म्हणाला की तू पुढे जा, तुझं पुन्हा बुडेल. मी त्याला म्हटलं की तोंड मीट आणि पाय सरळ ठेव.

तुला खोटं सांगत नाही, मी त्याला लंबूकाकांसारखी उचलून आणू शकले नाही. पाठीवर घेतला, चाळीस पावलं गेले आणि गुडघे दुमडले. पुन्हा घेतला, पस्तीस पावलं. तेव्हा कळलं की असं केलं तर दोघंही संपणार. मग मी खाली बसले आणि ही माझ्या कामावरची अडचण आहे असं समजून विचार केला. दोघांच्या पिशव्या रिकाम्या करून सामान कपारीत ठेवलं. पिशव्यांच्या चौकटी एकमेकींना बांधल्या, त्यावर त्याला आवळून बांधला आणि दोराचे तीन वेढे खडकाला घालून थोडा थोडा सोडत खाली उतरवला. पूल टाकताना कित्येक टनांची तुळई आम्ही अशीच उतरवतो. वेढे बरोबर पडले की वजन खडक धरतो, माणसाने फक्त घाई करायची नसते. दोर संपला की खाली जायचं, नवा खडक शोधायचा, पुन्हा वेढे. असे सोळा टप्पे झाले. मधल्या सपाट पट्ट्यांवर मात्र पाठीवरच घ्यावा लागला, तिथे माझी ती चाळीस पावलं उपयोगी आली. तो मध्येच बेशुद्ध होऊ नये म्हणून मी त्याला पाढे म्हणायला लावले. सतराच्या पाढ्यात तो अडकला आणि मीही अडकले.

पावणेचारला पायथ्याच्या नाक्यावर पोचलो. मुदत चारची होती. मुख्य उस्तादांनी कपाटाला गाडीत घातलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की पिशव्यांतलं सामान कुठे आहे. मी सांगितलं. ते म्हणाले की ओझं सगळ्यांना सारखं, उद्या जाऊन घेऊन या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी वर गेले आणि दोघांचं सामान दोन खेपांत खाली आणलं. त्यानंतर त्यांनी यादीत माझ्या नावापुढे खूण केली.

मी निवडले गेले, मामा. आईला फोन केला. ती म्हणाली की पेपर तपासायचे आहेत, नंतर बोलू. सुट्टी चालू असताना कसले पेपर, ते मी विचारलं नाही.

तू आनंदी असशील ना? तुझं मत कळव, नाही असलं तरी.

तुझी,
मुंगी


१० नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन मी लंबूकडे गेलो. बसने चार तास. तो दारातच काठी टेकून उभा होता. त्याच्या खोलीत बसून मी त्याला सगळं वाचून दाखवलं, खडकाचे वेढे आले तिथे त्याने पुन्हा वाचायला लावलं. शेवटी म्हणाला की त्या दिवशी आपल्याकडेही दोर होता.

मुंगे, होता. माझ्याच कमरेला होता. आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. तो बलवान होता म्हणून त्याने उचललं, आणि उचलता येत होतं म्हणून विचार केला नाही. मी पुढे अकरा वर्षं पोरांना तेच शिकवलं, की खांद्यावर टाका आणि चला. किती कंबरा मी मोडल्या असतील, कुणास ठाऊक. लंबूला मी हात जोडले. तो म्हणाला की म्हाताऱ्या, नाटक नको, चहा टाक.

परत आल्यावर मुख्यालयाला पत्र लिहिलं. त्याचा मजकूर तुला कळावा म्हणून सांगतो. लिहिलं की मागच्या नोव्हेंबरात मी दिलेलं मत चुकीचं होतं, ते काढून टाकावं. शेजारचा पडला तर खाली आणशील का, हा माझा प्रश्न बरोबर होता. पण मी तो ज्यांना विचारायचा त्यांना न विचारताच त्यांच्या वतीने उत्तर दिलं. ज्या कुणाला हे उत्तर देता येतं त्याला किंवा तिला घ्यावं, आणि वेळेतली दहा टक्क्यांची सूट रद्द करावी, कारण ती मागितलेली नाही. खाली सही केली. मामीने पत्र वाचलं आणि म्हणाली की तीस वर्षांत पहिल्यांदा चूक झाली असं लिहून दिलंत, याची एक प्रत घरात ठेवा.

तू आनंदी आहेस ना विचारतेस. आनंदी आहे. पण त्याहून जास्त म्हणजे, मला तुझ्याकडून शिकायला मिळालं, आणि या वयात ते सोपं जात नाही. दोन दिवस मी शिट्टीवालीला तुझी हकिगत सांगत होतो. तिने आपल्या मुलीला पोहण्याच्या वर्गातून काढून टेकडीवर पाठवायचा बेत केला आहे, आता तिलाही मीच समजावतो आहे की आधी पोहू दे.

हातांना गरम पाण्यात मीठ घालून शेक दे. आशीर्वाद या खेपेला उस्तादाचेही आहेत.

तुझा,
मामा


४ डिसेंबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला समारंभाला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. शेजारच्या बाईंकडून वाचून घ्याल, तेव्हा तुमच्या भावाबद्दल लिहायच्या काही गोष्टी मनातच ठेवते.

मैदान साधंच होतं. कडेला लोखंडी खुर्च्या, समोर अकरा जण रांगेत उभे. दहा मुलगे आणि आपली. ती रांगेत सातवी होती आणि सगळ्यांत बुटकी, त्यामुळे सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये खिडकी उघडी राहिल्यासारखं दिसत होतं. त्यांच्या तुकडीत रीत अशी आहे म्हणे, की छातीवर बिल्ला साहेब लावत नाहीत, एखादा जुना उस्ताद लावतो. या वर्षी यांना बोलावणं आलं. आधी हे नाही म्हणत होते. ज्याने विरोध केला त्याने बिल्ला लावू नये, असं म्हणत होते. मी म्हटलं, ज्याने विरोध केला त्यानेच लावावा. तेव्हा निघाले.

आठवडाभर आरशासमोर उभं राहून काहीतरी पाठ करत होते. मी विचारलं तर म्हणाले की पोरीला दोन शब्द बोलायचे आहेत, सगळ्यांसमोर. कागदावर लिहून खिशात घातले. मिशाही नीट कापल्या. कपाट म्हणतात तो मुलगा कुबड्या घेऊन आमच्याच ओळीत बसला होता. पाय बरा झाला की पुढच्या चाचणीला पुन्हा येणार आहे. त्याने मला सांगितलं की दोरावर बांधलेला असताना तो तिला घाबरून पाढे खरंच म्हणत होता.

हे पहिल्या मुलापासून निघाले. बिल्ला टोचायचा, पट्टा ओढून बघायचा, खांद्यावर एक जोरदार थाप मारायची आणि पुढे सरकायचं. थापेचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. एकेक मुलगा हलत होता. सातव्या जागी आले तेव्हा वन्सं, मी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं आता हे खिशातला कागद काढणार, किंवा तिला जवळ घेणार. तिच्याही डोळ्यांत ते दिसत होतं. यांनी बिल्ला टोचला, पट्टा ओढला, बक्कल सैल आहे म्हणून तिला सगळ्यांदेखत झापलं, थाप मारली आणि आठव्याकडे गेले.

मला इतका राग आला की समारंभ संपल्यावर मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, या माणसाला काळीज नाही, कौतुकाचा एक शब्द बोलला नाही. तर ती हसत होती आणि रडतही होती. तिने कॉलर बाजूला करून खांदा दाखवला, लाल झाला होता. म्हणाली, मामी, सहाव्याचाही असाच झाला आहे, मी बघितला.

तुमची लेक बारीक झाली आहे, पण चालते अशी की रस्ता तिच्यासाठीच काढला आहे. मी मोजे दिले, तुम्ही पाठवलेलं मलमही दिलं. महिन्याने तिला चार दिवस सुट्टी आहे, सरळ तुमच्याकडेच येते म्हणाली. तोवर डोळ्यांना ताण देऊ नका.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. खिशातला कागद घामाने भिजून गेला होता, तो त्यांनी वाळत घातल्यासारखा मांडीवर पसरून ठेवला. मग मला विचारलं की तू समोर होतीस, खरं सांग, तिला माझा हात इतरांपेक्षा हलका तर नाही ना बसला? मी म्हटलं, नाही, सगळ्यांना सारखाच बसला. बरं, म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

तुमची माया अशीच राहो, आणि डोळा बरा झाला की पहिलं पत्र मला यावं.

तुमची,
भावजय